‘सगळं बदला’ म्हणण्याआधी

सकाळी ९.३५
जळगावचं गोलाणी मार्केट. मोबाइलवाल्यांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली. ताई पिंप्राळ्याहून शेअर रिक्षाने येतात. वीस रुपये. कुलूप काढतात, गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावतात आणि मग बादली उचलतात. मे महिना आहे, पारा ४४ च्या आसपास. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतणं हे दिवसाचं पहिलं काम. मग यूपीएस, मग संगणक. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, एक जुना स्कॅनर, स्पायरलचं मशीन. दुकान एवढंच.

दुकान भाऊंचं. ताई इथे ऑपरेटर. मराठी ३० आणि इंग्रजी ४० या परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिल्या, त्यानंतर पेजमेकर आणि श्री-लिपी शिकल्या, पुढे युनिकोड. पगार महिना साडेबारा हजार. पीएचडीच्या प्रबंधाचं काम आलं की त्या बिलातला अर्धा वाटा वेगळा मिळतो. बिलावर त्या कामाला ‘सेटिंग’ लिहितात. मला विचाराल तर ते संपादन आहे. पण संपादनाचा दर गोलाणीत कुणाला माहीत नाही, सेटिंगचा आहे. पानाला दहा रुपये.

सकाळी १०.२०
चोपड्याहून सर आलेत. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बंद. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांवर प्रबंध लिहिलाय. पेनड्राइव्ह पुढे करतात.

“ताई, नुसतं अलाइन करायचंय. टाइप सगळं झालेलं आहे. दोन तासांचं काम.”

“बघते सर. आधी उघडं करून बघू.”

उघडं करणं म्हणजे उलट्या पी चं बटण दाबणं. ते दाबलं की कागदावर न उमटणारं सगळं पडद्यावर दिसायला लागतं. प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका, टॅबच्या जागी बाण, एंटरच्या जागी तो उलटा पी. सरांचं पान ठिपक्यांनी भरून गेलं. शीर्षक मधोमध यावं म्हणून स्पेसबार दाबून धरलेला. नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटरवर एंटर. काही मजकूर पीडीएफमधून उचललेला, तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर. परिच्छेद असा उरलेलाच नाही.

“पानं किती?”

“चारशे बारा.”

ताई डायरीत ४१२ लिहितात. सर समोरच्या स्टुलावर बसतात. ताई सांगतात, बसून उपयोग नाही, पाच वाजता या.

सकाळी १०.४५
पहिलं काम फाइलची प्रत काढायचं. नाव ‘मूळ’, पुढे तारीख. या फाइलला दिवसभर हात लावायचा नाही.

मग कंट्रोल-एच. दोन चौकटी उघडतात. वर काय शोधायचं, खाली त्याच्या जागी काय घालायचं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. ताई ‘मोअर’ दाबून वाइल्डकार्डच्या डबीत टिक करतात. आता वरच्या चौकटीत नेमका शब्द लिहायची गरज नाही, शब्दाचा साचा लिहायचा. ताई एक स्पेस देतात आणि महिरपी कंसात दोन आणि स्वल्पविराम लिहितात. म्हणजे लागोपाठ दोन किंवा जास्त स्पेस, कितीही असोत. खालच्या चौकटीत एकच स्पेस. ‘रिप्लेस ऑल’.

पडदा क्षणभर थबकतो. अकरा हजारांवर जागा बदलल्या.

खुर्चीतल्या माणसाने एवढ्या जागा हाताने बदलायच्या म्हटल्या तर आठवडा गेला असता. इथे चहा सांगून होईपर्यंत झालं. चहा दहा रुपये, भाऊंच्या खात्यावर.

सकाळी ११.१०
आता मोडलेल्या ओळी. इथे माणूस घाई करतो आणि फसतो. सगळे एंटर काढले तर चारशे पानांचा एकच परिच्छेद होईल. खरा परिच्छेद जिथे संपतो तिथे सरांनी दोन-दोन एंटर मारलेत, ओळ मोडली तिथे एक. हा फरक धरून चालायचं.

ताई तक्त्यांना हात लावत नाहीत, मथळ्यांना आधीच स्टाइल देऊन ठेवतात. मधला मजकूर तेवढा निवडायचा. वाइल्डकार्ड चालू असताना वरच्या चौकटीत टोपी-पी चालत नाही, तिथे टोपी-तेरा लिहावं लागतं. टोपी म्हणजे सहाच्या कीवरची ती खूण. तेरा कुठून आला? टाइपरायटरवर ओळ संपली की डावीकडचा दांडा ओढून कॅरेज परत आणायचा. त्या कॅरेज रिटर्नचा संगणकातला क्रमांक तेरा. ताईंनी तो दांडा वर्षभर ओढलेला आहे, त्यांना हा आकडा पाठ करावा लागला नाही.

तर पहिली फेरी: दोन किंवा जास्त एंटर जिथे असतील तिथे ‘गिरणातापी’ हा शब्द घाला.

मी विचारलं, हा कुठला शब्द?

“कुठलाच नाही. कुणाच्या प्रबंधात सापडणार नाही असा हवा. चांदण्या, हॅश, काही ठेवलं तर कुणी ना कुणी वापरलेलं असतं. तक्त्याखाली टीप द्यायला चांदणी असतेच. गिरणा येते, तापी येते, गिरणातापी कुणी लिहीत नाही.”

दुसरी फेरी: उरलेला प्रत्येक एंटर काढून एक स्पेस. आता खरंच सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत आला, मध्ये-मध्ये गिरणातापी. तिसरी फेरी: गिरणातापी काढून तिथे एंटर. आता खालच्या चौकटीत टोपी-पी चालतं.

परिच्छेद उभे राहिले. ताई लगेच पुन्हा ‘गिरणातापी’ शोधून बघतात. एक जरी राहिला तर तो बाइंड होऊन विद्यापीठात जायचा.

दुपारी १२.०५
मध्येच एक बाई शपथपत्रातलं नाव दुरुस्त करायला आल्या. तीस रुपये. एक मुलगा लग्नासाठी बायोडेटा घेऊन आला, त्याला ‘अपेक्षा’ हा रकाना मोठा हवा होता. पन्नास रुपये. ताई दोन्ही कामं उरकून परत प्रबंधावर.

आता विसर्ग. मराठी टाइप करणाऱ्यांपैकी निम्मे लोक अपूर्णविरामाऐवजी विसर्ग मारतात. ‘दिनांकः’, ‘नावः’, ‘तालुकाः’. दोन्ही दोनच टिंबं, कागदावर सहसा कळत नाही. पण सगळे विसर्ग काढले तर ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘मुख्यतः’ यांचा बळी जातो आणि ‘दुःख’ मधोमध तुटतं.

ताईंचा साचा असा: त सोडून दुसरं कुठलंही चिन्ह, त्यापुढे विसर्ग, त्यापुढे स्पेस. चौकोनी कंसात उद्गारचिन्ह आणि त, म्हणजे ‘त नको’. ते गोल कंसात ठेवायचं. खालच्या चौकटीत उलटी तिरकी रेघ आणि एक, म्हणजे गोल कंसात जे सापडलं ते जसंच्या तसं परत ठेव. पुढे अपूर्णविराम आणि स्पेस. ‘स्वतः’ वाचतो, ‘दिनांकः’ सुधारतो, ‘दुःख’ला धक्का लागत नाही, कारण तिथे पुढे स्पेसच नाही.

“पण मतः राहील,” ताई म्हणतात. “शेतकऱ्यांचे मतः असं लिहिलंय सरांनी. त्यात त आहे. आणि प्रायः, पुनः उगाच बदलतील. ते डोळ्यांनी.”

म्हणून इथे ‘रिप्लेस ऑल’ नाही. एकेक जागा. ‘फाइंड नेक्स्ट’, बघायचं, बदलायचं किंवा सोडायचं. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धा तास एकाच कीवर.

त्यानंतर तुटलेले प्रत्यय. ‘शेतकऱ्यां साठी’, ‘बाजारा मध्ये’, ‘व्यापाऱ्यां कडून’. मधला स्पेस काढून टाकला की झालं, असं वाटतं. प्रकरण चारमध्ये वाक्य आहे: वयाची साठी ओलांडलेले उत्पादक. ताई तिथे थांबतात, सोडतात, पुढे जातात. सगळं एकदम बदललं असतं तर ‘वयाचीसाठी’ झालं असतं आणि तोंडी परीक्षेत सरांना त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. यंत्राला साठी म्हणजे तीच चार चिन्हं. वय आणि प्रत्यय यातला फरक खुर्चीत बसलेल्या माणसाला कळतो, आणि त्यासाठी वाक्य वाचावं लागतं. चारशे पानांचं.

दुपारी १.३०
डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. ताई खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करतात, डोळ्यांना तेवढाच विसावा. चष्म्याचा नंबर गेल्या वर्षी वाढला. काचा आणि फ्रेम मिळून अठराशे.

शब्दाऐवजी साचा लिहायचा, ही कल्पना गणितातली. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकात ती मांडली. ‘कितीही वेळा’ या अर्थाने वापरतात ती चांदणी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९६८ मध्ये केन थॉम्प्सनने मजकूर शोधायच्या प्रोग्रॅममध्ये ती उतरवली. ताईंना ही नावं कुणी सांगितलेली नाहीत. त्यांची विद्या शंभर पानी वहीत आहे. एका बाजूला साचा, दुसऱ्या बाजूला लाल पेनाने तो कुठे घोळ घालतो. लाल बाजू जास्त भरलेली. भाऊंनी एकदा वहीची झेरॉक्स मागितली होती. ताईंनी दिली, लाल बाजूसकट.

दुपारी २.१५
‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द प्रबंधात पानोपानी आहे. ताई तो शोधतात. यंत्र जितके दाखवतं त्याहून जास्त डोळ्यांना दिसतात. एकाच पानावर दोन आहेत, हुबेहूब सारखे, यंत्राला एकच सापडतो.

कारण आतून ते वेगळे आहेत. अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. सरांनी अर्धा प्रबंध मोबाइलवर लिहिला, अर्धा लॅपटॉपवर. दोन कळपाट, दोन पद्धती. छापून बघितलं तर फरक नाही. पण प्रबंध पुढे शोधगंगेवर चढतो. तिथे कुणी हा शब्द शोधला तर अर्धी पानं हाती लागणार नाहीत. सरांना हे माहीत नाही, त्यांनी ते मागितलेलंही नाही. ताई तरी करतात. दुसरी पद्धत वरच्या चौकटीत, पहिली खालच्या. इथे ‘रिप्लेस ऑल’ चालतं.

२.५० ला लाइट जाते. यूपीएस वीस मिनिटं धरतो. ताई सेव्ह करतात, पडदा बंद करतात, वहीने वारा घेतात. कूलर बंद पडल्यावर दुकानात बसवत नाही. ३.१० ला लाइट येते.

दुपारी ३.१५
आता धुळ्याच्या नानांचं काम. नाना निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचा अहिराणी कथांचा संग्रह १९९९ मध्ये निघाला होता, त्याची नवी आवृत्ती करायचीय. मूळ पेजमेकरची फाइल एका सीडीवर मिळाली.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली, पण छापखान्यांपर्यंत ती पोचायला पुष्कळ वर्षं गेली. तोवर जुने फॉन्ट. त्यात यंत्राच्या लेखी मजकूर इंग्रजीच असायचा, फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र दिसायचं. कन्व्हर्टर त्याचं युनिकोड करतो. पण ऱ्हस्व वेलांटीपाशी अडतो. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून पलीकडे न्यावी लागते. नुसतं पुढच्या अक्षराशी अदलाबदल केली तर ती स ला चिकटते आणि टिंबांचं गोल वर्तुळ दिसतं.

ताईंच्या वहीत यासाठी तीन साचे आहेत. आधी सर्वांत लांब: वेलांटी, दोन अर्धी अक्षरं, एक पूर्ण. ‘स्त्रिया’साठी. मग वेलांटी, एक अर्धं, एक पूर्ण. शेवटी वेलांटी आणि एक पूर्ण अक्षर. अक्षर म्हणजे चौकोनी कंसात क ते ह. प्रत्येक तुकडा वेगळ्या गोल कंसात, आणि खाली क्रम बदलून ठेवायचा: दोन, तीन, एक.

यात एक खाच आहे. लांब साच्याने जागेवर बसलेली वेलांटी पुढच्या फेरीत परत सापडते, कारण तिच्यापुढेही कुठलं तरी अक्षर असतंच. मग ती पुन्हा उडी मारते आणि बसलेला शब्द मोडतो. म्हणून जागेवर बसलेल्या वेलांटीच्या जागी ताई एक तात्पुरतं चिन्ह घालतात, पुस्तकात कुठेच नसलेलं. तिन्ही फेऱ्या झाल्या की त्या चिन्हाची पुन्हा वेलांटी. हे कुणी शिकवलं विचारलं तर ताई वहीचं एक पान दाखवतात. लाल पेनाने भरलेलं.

दुपारी ४.१०
शेजारच्या संगणकावर मुलगा बसतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, सकाळी कॉलेज, दुपारी इथे. महिना चार हजार. काल ताई लवकर गेल्या होत्या. मुलाने नानांची फाइल उघडली आणि मदत केली.

“ताई, त्यात अशुद्ध खूप होतं. मी सगळं शुद्ध करून टाकलं.”

पानीचं पाणी. मानूसचं माणूस. कोनचं कोण. तीन ‘रिप्लेस ऑल’ आणि फाइल बंद. कंट्रोल-झेडचा उपयोग नाही. उलटं बदलावं तर तेही जमत नाही, कारण नानांची प्रस्तावना प्रमाण मराठीत आहे आणि तिथे पाणी पाणीच हवं.

ताई रागावत नाहीत. ‘मूळ’ नावाची फाइल उघडतात, तारखेसकट तिथेच आहे. मुलाला शेजारी बसवून एक कथा मोठ्याने वाचायला लावतात. मुलगा पारोळ्याकडचा, घरात अहिराणीच बोलतात. दुसऱ्या परिच्छेदाला त्याचा सूर लागतो. वाचून झाल्यावर तो स्वतःच म्हणतो, “आजी असंच म्हणते.”

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली, ती त्यांच्या बोलीत. जुळाऱ्याने त्या वेळी खिळे ‘शुद्ध’ लावले असते तर काय हाती राहिलं असतं? बोलीतलं पुस्तक ज्याच्या हाताखालून जातं, त्याने आधी ते कानाने वाचावं, असं माझं ठाम मत आहे.

ताई मुलाला काम देतात. नानांनी कुठे ‘मना’ लिहिलंय, कुठे ‘मन्हा’. दोन्हींचा अर्थ माझा. नानांना एकच हवंय, ‘मन्हा’. शोधायचं, पण बदलायचं नाही. पिवळं करायचं.

“का? बदलून टाकतो ना.”

“मनाला, मनातलं, सगळ्यात मना येईल. दोन्ही बाजूंना स्पेस धरून शोध. तरी एखादा मन या अर्थाचा निघेल. ते नाना ठरवतील.”

संध्याकाळी ५.२०
सर आले. ताई प्रबंध दाखवतात. अनुक्रमणिका आपोआप तयार झालेली, पान क्रमांक बरोबर, तक्ते जागेवर. सर खूश. मग खाली डाव्या कोपऱ्यात बघतात.

“तीनशे सेहेचाळीस पानं? मजकूर कुठे गेला?”

मजकूर तेवढाच आहे. रिकामे एंटर आणि स्पेस गेले. ताई दोन पानं शेजारी ठेवून दाखवतात. सरांची खात्री पटते. मग बिल. दर पानाला दहा. सर म्हणतात ३,४६०. भाऊ म्हणतात काम ४१२ पानांचं केलं, ४,१२०. ताई काही बोलत नाहीत. फरक ६६० रुपयांचा, ताईंच्या वाट्यात ३३०. जेवढी सफाई चांगली तेवढी पानं कमी, हा या कामाचा हिशेबच आहे.

सरांना मे महिन्यात तास नाहीत. पुढे प्रिंट आहे, पाच प्रती, हार्ड बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. ते सगळं इथेच करणार म्हणतात. भाऊ ३,८०० वर येतात. पंधराशे आत्ता, बाकीचे बाइंडिंगच्या वेळी.

संध्याकाळी ६.१५
निघता निघता सरांना आठवतं. “विद्यापीठाचं नाव सगळीकडे नवीन करायचं राहिलं.”

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये, १५ ऑगस्टला स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. सरांनी काही ठिकाणी पूर्ण नवं नाव लिहिलंय, काही ठिकाणी जुनं. जुन्याच्या जागी नवं, असं सरसकट केलं तर जिथे आधीच नवं आहे तिथे ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ होतं. ताई आधी सगळी नवी नावं जुनी करतात आणि मग सगळी जुनी नवी. फक्त संदर्भसूची वगळून. तिथे २००५ चा एक अप्रकाशित प्रबंध आहे, त्या वेळी विद्यापीठाचं जे नाव होतं तेच तिथे राहायला हवं. सर मान डोलावतात. हे बिलात नाही.

संध्याकाळी ७.१०
मुलाने पिवळं केलेलं काम ताई तपासतात. बहुतेक जागा सरळ आहेत, त्या बदलतात. सतरा जागा अडलेल्या. त्यांचे संदर्भ एका पानावर घेऊन नानांना फोन लावतात. नाना सकाळी राजवाडे संशोधन मंडळात जुने अंक बघत बसतात, संध्याकाळी घरी असतात. पडद्यावर वाचत नाहीत, त्यांना कागद लागतो.

“माय, पुतण्या उद्या जळगावले येस. त्याच्या हाती पानं दे.”

“देते नाना. रफार अजून बघायचे राहिलेत, तेही उलटे आलेत. पहिल्या चार कथा देते.”

“पैशांचं काय?”

“पानं ठरली की सांगते.”

“पेन्शन एक तारखेला होते.”

“चालेल नाना.”

ताई चार कथांचे प्रिंट काढतात. अठ्ठावीस पानं, पानाला दोन रुपये, छप्पन्न. ते नानांच्या खात्यावर लिहितात. वहीच्या लाल बाजूला नवी ओळ: मना, सतरा जागा, लेखकाला विचारणे. मुलाला सांगतात, उद्या आल्यावर आधी ‘मूळ’ची प्रत काढ, तारीख टाक, मग रफाराला हात लाव. ७.४० ला शटर खाली. टॉवर चौकाकडून रिक्षा मिळते. या वेळी पिंप्राळ्याचे तीस घेतात.